जुन्या संगणकातला मराठी मजकूर : एका लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली

(वाचनालये आणि सांस्कृतिक मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी अकादमीने घेतलेल्या कार्यशाळेतील भाषण)



एकाच लॅपटॉपवर जुनी आणि नवी अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, कशा नांदवायच्या, हा मला दिलेला विषय आहे. असा यांत्रिक विषय भाषेच्या अकादमीत कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. तेव्हा आधी त्याचंच उत्तर देतो. साधारण १९९० ते २०१० या काळात आपल्या मंडळांनी, ग्रंथालयांनी, हौशी नाटकवाल्यांनी आणि शिक्षकांनी पुष्कळ मराठी मजकूर संगणकावर टंकित केला. स्मरणिका, नाट्यसंहिता, गावांचे इतिहास, सभासदांच्या याद्या, लोकगीतांचे संग्रह असं बरंच काही त्यात आहे. त्यातला मोठा भाग आजच्या संगणकावर उघडला तर एकही मराठी अक्षर दिसत नाही. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक आपण आजही हातात घेऊन वाचतो, आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल आपल्याला परकी झाली आहे.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

त्या काळातले मराठी फॉन्ट ही एक युक्ती होती. संगणकाला फक्त रोमन अक्षरं आणि काही चिन्हं ठाऊक होती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. एका जागी ‘क’, दुसऱ्या जागी अर्धा ‘त’, तिसऱ्या जागी वेलांटी, चौथ्या जागी रफार. फाइलमध्ये साठायची ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच. तो ठरावीक फॉन्ट संगणकात असेल तरच डोळ्यांना मराठी दिसायचं. फॉन्ट नसेल तर त्याच ओळी म्हणजे निव्वळ रोमन भेंडोळं. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीत लिहिलेलं आकृतीत उघडत नसे, आणि आयएसएमचं दोन्हींत नाही. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही जागा बदललेल्या असायच्या.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि फॉन्ट कुठलाही असो, तो ‘क’च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. विंडोज २००० आणि त्यानंतरच्या एक्सपीमध्ये देवनागरी युनिकोडची सोयही होती. मग छपाईवाले जुन्या फॉन्टला का चिकटून राहिले? कारण पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी जाणत नव्हतं. मी स्वतः डीटीपीच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो. छापखान्याला पेजमेकरची फाइल लागायची आणि पेजमेकरला जुना फॉन्ट लागायचा. त्यामुळे हाताशी युनिकोड असूनही बरीच वर्षं आम्ही जुन्याच वाटेने चाललो. तेव्हा दुसरी सोयीची वाटही नव्हती.

आता एक प्रत्यक्षातलं काम सांगतो. त्याच्या आधाराने पुढची कृती समजायला सोपी जाईल.

सत्तरीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी धालो आणि फुगडीची गीतं अनेक वर्षं गावोगाव हिंडून गोळा केली होती. प्रत्येक गीताखाली गाव, गाणाऱ्या बाईंचं वय आणि अवघड शब्दांचे अर्थ. हे सगळं त्यांनी एक्सपी असलेल्या लॅपटॉपवर जुन्या फॉन्टात टंकित केलं, काही भाग पेजमेकरमध्ये लावूनही ठेवला. पुस्तक मात्र निघालं नाही. गुरुजी गेले. ज्यांच्याकडून गीतं ऐकली त्यांतल्या पुष्कळ जणीही आज नाहीत. हाताने लिहिलेल्या वह्यांतल्या निम्म्याअधिक पावसाळ्यांत वाळवीने खाल्ल्या. उरला तो लॅपटॉप, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबीत लावायचं कुलूप, ज्याला आम्ही डाँगल म्हणतो. घरच्यांनी विचारलं, यातून काही निघेल का?

फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकात नेणं एवढ्याने भागत नाही. त्या उघडायला पेजमेकर हवं, ते अक्षर दिसायला तो फॉन्ट हवा, फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला डाँगल हवं आणि डाँगल ओळखायला त्या काळचा ड्रायव्हर हवा. ही सगळी साखळी त्या एक्सपीमध्ये जुळलेली होती. ती मोडायची नाही. उलट, एक्सपी इंटरनेटला जोडणं धोक्याचं, कारण ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा पाठिंबा थांबला. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला नियमितपणे कोणी येत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची, तपासण्याची, पाठवण्याची साधनं नव्या प्रणालीवर. म्हणून एकाच यंत्रात जुनी प्रणाली वाचण्यासाठी आणि नवी लिहिण्यासाठी, अशी विभागणी करायची. सुरू करताना पडद्यावर दोन नावं येतात, हवं ते निवडायचं. एका वेळी एकच चालते. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

आता कृती. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नये.

पहिलं काम प्रत काढण्याचं. मूळ डिस्कवर कुठलाही प्रयोग करायचा नाही. ‘क्लोनझिला’ नावाचं मोफत साधन पेन ड्राइव्हवरून चालतं. त्याने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत मोठ्या डिस्कवर घेता येते. आम्ही २५० जीबीच्या डिस्कवर प्रत घेतली, तीच लॅपटॉपात बसवली आणि मूळ डिस्क नाव-तारीख घालून कपाटात ठेवली. प्रतीवरून एक्सपी सुरू होते का, डाँगल ओळखलं जातं का, गुरुजींची एखादी फाइल नीट दिसते का, एवढं पाहिल्याशिवाय पुढे गेलो नाही. काही सॉफ्टवेअरांचा परवाना डिस्कशीच बांधलेला असतो, आणि ती तपासणी इथेच होऊन जाते.

दुसरं काम जागा करण्याचं. जुन्या लॅपटॉपवर सगळी डिस्क बहुधा एकट्या ‘सी’ने व्यापलेली असते. एक्सपीला स्वतःचा भाग आखडता घेता येत नाही. म्हणून एक्सपीतूनच डिस्कची तपासणी आणि डीफ्रॅगमेंट करून घ्यावं, आणि मग लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून ‘जीपार्टेड’ने तो भाग लहान करावा. आम्ही एक्सपीला ८० जीबी दिले, लिनक्सला ४०, थोडी जागा स्वॅपला, आणि उरलेली सगळी एका सामाईक भागाला. त्या भागाचं नाव आम्ही ‘देवघेव’ ठेवलं. इथे एक मर्यादा लक्षात असू द्या. जुन्या पद्धतीच्या विभागणीत चारच मुख्य भाग करता येतात. कंपनीने दडवलेला रिकव्हरीचा भाग असेल तर तोही मोजा. म्हणून नवे भाग ‘एक्स्टेंडेड’च्या पोटात घालावे. भाग लहान केल्यावर एक्सपी पहिल्यांदा उघडताना डिस्क तपासायला घेते. निळा पडदा, वर टक्के सरकताहेत. बिघाड नाही, पण मध्येच बंदही करू नका.

तिसरं काम नवी प्रणाली घालण्याचं. नियम असा, की जुनी आधी, नवी नंतर. डिस्कच्या अगदी सुरुवातीला, कोणाला उठवायचं हे सांगणारा एक छोटा आज्ञासंच असतो. जुन्या प्रणालीला नवीची ओळख नसते. ती नंतर घातली तर ती जागा आपल्याच नावावर करून मोकळी होते, आणि नवी दिसेनाशी होते. नवी प्रणाली मात्र जुनीला ओळखते. आमच्याकडे एक्सपी आधीच होती, त्यामुळे अर्धं काम झालेलंच होतं. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घेतली, कारण लॅपटॉपची मेमरी फक्त २ जीबी. घालताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय ठळकपणे समोर येतो, त्याला हात लावायचा नाही. भाग स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा आणि मोकळी ठेवलेली जागाच दाखवावी. शेवटी ‘ग्रब’ नावाचा मेनू बसतो आणि त्यात दोन्ही नावं येतात. लिनक्सच्या काही नव्या वितरणांत दुसऱ्या प्रणालींचा शोध मुळात बंद ठेवलेला असतो. विंडोजचं नाव दिसलं नाही, तर ‘ओएस-प्रोबर’ चालू करून मेनू पुन्हा बनवला की येतं.

चौथं काम शिस्त घालण्याचं, आणि सगळं यश यावर आहे. एक्सपीचं नेटवर्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन बंद केलं. वाय-फाय नाही, केबलही नाही. इंटरनेट फक्त लिनक्समधून. लिनक्सला एक्सपीचा भाग फक्त वाचण्यासाठी उघडू दिला. देवाणघेवाण होईल ती ‘देवघेव’मधूनच. तिथे तीन फोल्डर : मूळ, निर्यात, युनिकोड. ‘मूळ’मधल्या फाइलला कोणी कधी हात लावायचा नाही. एक्सपी हायबरनेट करून, म्हणजे झोपवून, लिनक्स उघडायचं नाही. झोपलेल्या प्रणालीला वाटतं, की डिस्क आपण ठेवली तशीच आहे, आणि जाग आल्यावर ती त्या समजुतीवर लिहू लागते. त्यात फाइली खराब होतात.

आणखी एक गंमत, जी गंमत राहत नाही. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर धरतं, विंडोज स्थानिक वेळेवर. जुळवून घेतलं नाही, तर लिनक्समधून एक्सपीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं. तुम्ही म्हणाल, साडेपाच तासांनी काय बिघडतं? एकाच गीताच्या तीन फाइली असतात आणि त्यांतली शेवटची दुरुस्ती कुठली हे ठरवायचं असतं, तेव्हा तारीख-वेळेइतका दुसरा साक्षीदार नसतो. आपण केलेल्या प्रतींच्या वेळा उलटसुलट झाल्या तर पुढच्या माणसाची फसगत होते. यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे, एवढं लिनक्सला एकदा सांगितलं की मिटलं.

इथपर्यंत यंत्राचं काम. खरं भाषेचं काम यानंतर सुरू होतं.

एक्सपीत प्रत्येक फाइल उघडून दोन गोष्टी केल्या. एक, पानाची जशी दिसते तशी पीडीएफ. ही आमची साक्षीदार प्रत. दुसरी, मजकुराची निर्यात, आणि ती साध्या टेक्स्टमध्ये नव्हे, तर आरटीएफमध्ये. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव गळून पडतं. मग मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी शब्दही परिवर्तकाला मराठी वाटतो आणि तो त्याची भलतीच अक्षरं करतो. आरटीएफमध्ये कुठल्या फॉन्टात काय आहे ते टिकून राहतं.

मग लिनक्समध्ये परिवर्तन. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘दिवस’ घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी, मग ‘द’. युनिकोडमध्ये आधी ‘द’, मग वेलांटी. ‘पर्वरी’ घ्या. जुन्यात ‘प’, ‘व’ आणि त्यानंतर रफार. युनिकोडमध्ये तो अर्धा ‘र’ ‘व’च्या आधी यायला हवा. म्हणजे परिवर्तकाने नुसती अक्षरं बदलून चालत नाही, ती उचलून योग्य जागी ठेवावी लागतात. चांगले परिवर्तक हे करतात, पण ‘चांगले’ म्हणजे नेमक्या त्याच फॉन्टसाठी आणि त्याच आवृत्तीसाठी तयार केलेले. म्हणून जुन्या संगणकात फॉन्टचं पूर्ण नाव पाहून लिहून ठेवा. ‘मराठी फॉन्ट’ एवढ्याने कोणाचंच काम होत नाही.

आणि तरीही शेवटी माणूस लागतो. मराठीत ‘र’ दोन तऱ्हांनी जोडला जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा झुलता अर्धा ‘र’. ज्या परिवर्तकाला हा फरक शिकवलेला नाही, तो दोन्हींना रफारच देतो. आमच्या पहिल्या खेपेत सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतल्या गीतांत जागोजागी समुद्र अवतरला. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर यावर काही बोलत नाही, कारण ‘दर्या’ हाही शब्द बरोबरच आहे. साक्षीदार पीडीएफ शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहिली तेव्हाच हे सापडलं. गीतांतले बोलीचे शब्द तर कुठल्याच कोशाच्या यादीत नसतात. ते तपासायला त्या भागातली जाणती बाईच हवी. गुरुजींच्या सुनेने हे काम केलं. तिने परिवर्तनातल्या चुका काढल्याच, शिवाय काही शब्दांचे गुरुजींकडून लिहायचे राहिलेले अर्थही सांगितले. ते आम्ही तिच्या नावाने वेगळे नोंदवले आहेत. मूळ संग्रहात मिसळलेले नाहीत.

प्रत्येकाने हाच मार्ग धरावा असं नाही. मजकूर छापून झालेला असेल आणि छपाई स्वच्छ असेल, तर पानं स्कॅन करून ओसीआर करणं सोपं. फाइलींचा खटाटोप न छापलेल्या मजकुरासाठी. तुमचा लॅपटॉप नव्या पद्धतीचा, फक्त यूईएफआयवर चालणारा असेल, तर त्यावर एक्सपी घालण्याच्या भरीस पडू नका. तिथे आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशिन, बरं. नव्या प्रणालीच्या खिडकीत जुनी चालते. आमच्या यंत्राची मेमरी तेवढ्याला पुरेशी नव्हती आणि डाँगलचाही भरवसा नव्हता, म्हणून आम्ही ड्युअल बूट केलं.

आणि एक्सपी नाही म्हणून आपला संबंध नाही, असं कोणी समजू नये. विंडोज ७चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आपल्या वाचनालयांतले कितीतरी संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याआधी त्यांवर जुनीच्या जोडीला लिनक्स घालून पाहा. तिथे दोन काळज्या घ्यायच्या : विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायचं, कारण तेही अर्धवट झोपवणंच आहे, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची चावी आधी कागदावर उतरवून घ्यायची.

आपण गोव्याचे लोक. एका लिपीतून दुसरीत जाण्याचं नातं आपल्याला नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. त्यानंतर १६४९ आणि १६५४ साली आवृत्त्या निघाल्या. या तीनही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखित नकलांमुळे. त्यांच्या आधाराने १९०७ साली सालढाण्यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नकला केल्या त्यांची नावं बहुतेक आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांच्याविना आज तो ग्रंथ नुसता नावापुरता उरला असता. आज आपल्या हातात जे काम आहे, ते त्याच जातीचं आहे. फरक एवढाच, की कागदाला शतकं मिळाली, आपल्या डिस्कांना तेवढी मिळणार नाहीत. डाँगल एकदा मेलं की दुसरं कुठून आणणार?

म्हणून सांगणं एवढंच. दोन प्रणालींचा लॅपटॉप ही कायमची सोय नव्हे. जुनी प्रणाली राहायला नाही, सामान बाहेर काढायला ठेवायची. सामान निघालं, ताडून झालं, दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, की ती बंद झाली तरी हळहळू नये.

गावी गेल्यावर आपापल्या मंडळाच्या कपाटात पाहा. जुना लॅपटॉप, सीडी, डाँगल, जे सापडेल ते फेकू नका, आणि नुसतं सुरू होतंय का बघायला म्हणून इंटरनेटलाही जोडू नका. त्यावर कोणाचा मजकूर आहे, फॉन्ट कोणता, छापलेला की न छापलेला, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि अकादमीकडे पाठवा. न छापलेला मजकूर आधी घेऊ. यंत्राचं काम करायला आम्ही चार जण आहोत. ताडून पाहायला मात्र त्या त्या गावचा माणूस लागेल, आणि तो तुम्हालाच शोधावा लागेल.